मागच्या खोलीतला चक

लेथचा चक काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे, असं ज्या माणसाने मला पहिल्या दिवशी सांगितलं, तो पुढच्या अकरा दिवसांत आमच्याकडे नऊ वेळा येऊन गेला, आणि शेवटी शेवटी तर फाटकातूनच "आज नको, अंधारून आलंय" म्हणत परत जायला लागला. मी त्याला नावं ठेवत नाही. माझी अवस्था त्याहून वाईट होती. फक्त मला परत जायला दुसरं घर नव्हतं.

लेथ म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही (मला तरी कुठे होतं?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवायचा, त्याला धारदार हत्यार लावायचं आणि हवा तसा गोल कातून घ्यायचा, यासाठी केलेलं ते मशीन. फिरणारा तुकडा ज्याच्या तीन जबड्यांत पकडतात तो चक. ताटाएवढा रुंद, उचलायला गेलं तर कंबर धरते इतका जड. नव्या मशीनचे चक म्हणे बोल्टने बसवतात. आमच्या मशीनचा चक आसावरच्या आट्यांवर बसवलेला होता, बरणीचं झाकण बसवतात तसा. झाकण फिरवलं की निघतं. हा निघत नव्हता.

मशीन माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांच्याच घरात राहतो. घरजावई या शब्दावर लोक जे काही हसायचं ते एकोणीस वर्षांपूर्वीच हसून मोकळे झाले आहेत, तेव्हा आता पुढे जाऊ. सासरे होते तोवर मागच्या खोलीत मला प्रवेश नव्हता. मी पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. "कागदवाल्यांचं इथे काम नाही," असं ते म्हणत आणि आतून कडी लावून घेत. शेवटची सात-आठ वर्षं तर त्यांना दिसतही नव्हतं. सोबतीला सासूबाई आत बसायच्या, आणि मशीन रोज चालायचं. डोळे गेलेला माणूस नुसत्या आवाजावर केसाएवढं माप काढतो, म्हणून गल्लीत त्यांचं केवढं कौतुक होतं. मागच्या वर्षी ते गेले आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यावर असायची.

आता सासूबाईंचे गुडघे. त्या वरच्या मजल्यावर झोपतात. डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख दिली होती आणि शस्त्रक्रियेनंतर जिना कायमचा बंद, असं बजावलं होतं. खाली खोली एकच, मागची. म्हणजे मशीन जायलाच हवं होतं. ते भंगारात तोडायला माझं मन घेईना, म्हणून मी तंत्रशाळेत चौकशी केली. शाळा म्हणाली, आनंदाने नेऊ, पुढल्या शनिवारी गाडी येईल, हा फॉर्म भरून द्या. फॉर्म मी पाहिला आणि माझा जीव सुखावला, कारण माझ्या आयुष्यात फॉर्मने मला कधी दगा दिलेला नाही.

रकाना सात: आसावरील आट्यांचे माप. रकाना आठ: चक सुटा करून वेगळा जमा केला आहे काय? आठला 'होय' असल्याशिवाय पुढचे रकाने भरू नयेत.

"चक लागलेलाच न्या ना," मी स्टोअरकीपरला म्हणालो.

"मग मशीनची नोंद कुठल्या रजिस्टरला करू आणि चकची कुठल्या?" त्याने विचारलं. अशा प्रश्नापुढे माझ्यासारखा माणूस निरुत्तर होतो, कारण हा प्रश्न मी स्वतः दुसऱ्यांना बावीस वर्षं विचारत आलो आहे.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "मशीन शाळेत जातंय. खोली तुम्हाला मोकळी करून देतो."

त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बघा, जमलं तर," म्हणाल्या.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा" या शब्दांनी सुरू होतं म्हणून गल्ली त्यांना 'अनुभव' म्हणते. दोन मिनिटांचं काम म्हणणारे ते हेच. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही दोघं आत शिरलो. खोलीत एकच दिवा, वायरीला लोंबकळणारा. वर्षभर बंद असलेल्या खोलीला जो कुबट वास यायला हवा तो आला नाही. तेलाचा वास आला, ओला आणि ताजा. मी ते मनावर घेतलं नाही. मनावर काय काय घ्यायचं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

"माझा अनुभव असा, की हा डावीकडे सुटतो," अनुभव म्हणाले आणि चकला लोंबकळले. मी मशीनच्या दुसऱ्या अंगाला उभा होतो. माझ्या बाजूने डावीकडे म्हणजे त्यांच्या बाजूने उजवीकडे, हे आम्हा दोघांच्या ध्यानात यायला वीस मिनिटं लागली. तोवर आम्ही एकमेकांविरुद्ध जीव खाऊन ओढत होतो आणि चक मध्ये शांत होता. मग दोघं एका बाजूला आलो, त्यावरही वाद झाला, आणि शेवटी घामाघूम होऊन मी आधारासाठी मशीनच्या डोक्यावर, जिथे आस बसतो तिथे, हात ठेवला.

हात मी लगेच काढला. लोखंड कोमट होतं.

"आपण फिरवलं ना, त्याने," मी म्हणालो.

"आपण कुठे फिरवलं?" अनुभव म्हणाले. "ते हललंच नाही."

आम्ही दिवा घालवला. कुलूप लावताना अनुभव दोनदा मागे वळून बघत होते, हे मी पाहिलं. त्यांनी मला वळताना पाहिलं असेल तर ते कधी बोलले नाहीत.

गुरुवारी मी धंदेवाईक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, आणला. धिप्पाड गडी, बोलणं कमी. त्याने गंज सोडवायचं तेल मारलं, चकवर आणि आसाच्या कडेवर मिळून खडूची एक आडवी रेघ ओढली. "केसभर जरी हलला तरी रेघ तुटेल," म्हणाला. मग आस अडकवून ठेवला, जबड्यांत हातभर लांब लाकडी दांडका घातला आणि जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. एकदम 'कडाक्' आवाज झाला.

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. कशा आल्या कोण जाणे. एरवी त्यांना ते अंतर यायला भिंत धरत धरत पाच मिनिटं लागतात. दारात उभ्या, चेहरा पांढराफटक.

"काय तुटलं?"

"दांडका," टर्नर म्हणाला.

"गिअरचा दात नाही ना?"

"नाही आजी. लाकूड."

त्यांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की मला वाटलं, आमच्या डोक्यात काही लागलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं असणार. मला भरून आलं. "आम्हाला काही झालं नाही, सासूबाई," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या.

टर्नरने दुसऱ्या दिवशी यायचं कबूल केलं. शुक्रवारी आला तेव्हा चक होता तसाच होता. खडूची रेघ मात्र नव्हती. तुटली नव्हती, सरकली नव्हती. पुसलेली होती, आणि जिथे ती होती तिथलं लोखंड लख्ख होतं. मशीनच्या पायाशी फरशीवर लोखंडाच्या किसाचा एक लांब, चकचकीत, कुरळा वळसा पडला होता. टर्नरने तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"ताजा आहे," तो म्हणाला. "कोण चालवतं?"

"कोणी नाही. वर्ष झालं."

"कातणाऱ्याचा हात चांगला आहे," टर्नर म्हणाला, आणि त्याने हत्यारं आवरायला घेतली. मी दाराशी त्याला पुष्कळ समजावलं. तो पायऱ्या उतरता उतरता एवढंच म्हणाला, "साहेब, मी चालू मशीनला हात लावत नाही. आणि ते चालू आहे."

बायकोला सांगितलं. ती बँकेत आहे, तिचा पुराव्यावर विश्वास. मी तिला कीस दाखवला. ती म्हणाली, "तू आणि अनुभवकाका आठवडाभर त्याच्यावर ठोकाठोकी करताय. कीस पडला तर त्यात नवल काय?" मग कीस मला परत देत म्हणाली, "बाबा असते तर तुला आत पाऊलही टाकू दिलं नसतं." हे तिने सहज म्हटलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी दाराशी एक माणूस उभा. पंप दुरुस्त करणारा. हातात दोन संत्री.

"आजोबांना द्या," म्हणाला. "सांगा, कातून दिलेले बुश पंपात झकास बसले. जरा म्हणून हलत नाहीत."

"कोणते आजोबा?"

"लेथवाले. अंध आहेत ते."

मी त्याला हळूच सांगितलं की सासरे वारले. तो बिचारा कळवळला. "अरेरे. कधी?"

"गेल्या वर्षी."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं, वेडा माणूस कितपत वेडा आहे हे बघतात तसं. "अहो, मंगळवारी मी माल नेला. खिडकीच्या कट्ट्यावर पुडी ठेवलेली असते, नेहमीसारखी." त्याने खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर माप लिहिलं होतं. अक्षर मी ओळखलं. त्या खोलीतून बाहेर आलेल्या प्रत्येक पुडीवर एकोणीस वर्षं मी तेच अक्षर पाहत आलो होतो, उजवीकडे कललेलं, शून्याला पोटात टिंब देणारं. माझ्या हातातली संत्री खाली पडली आणि घरंगळत नेमकी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली. ती उचलायला मी गेलो नाही. दुपारी पाहिलं तर तिथे नव्हती.

सोमवारी साडेचारला स्टोअरकीपर पाहणीला आला. त्याने फरशीवर उडी मारून बघितलं, खिडकी मोजली, मशीनभोवती एक फेरी मारली आणि हात ठेवला. नेमका तिथेच.

"फॉर्मवर रकाना तीनमध्ये तुम्ही 'बंद' लिहिलंय."

"बंदच आहे."

"मग गरम का?"

"ऊन लागतं."

"खिडकी उत्तरेला आहे," स्टोअरकीपर म्हणाला. त्याने तेलाच्या काचेच्या भांड्याकडे बोट दाखवलं. ते गळ्यापर्यंत भरलेलं होतं. "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. असं खोटं लिहू नये." बावीस वर्षांत माझ्या एकाही कागदावर कोणी बोट ठेवलेलं नाही, आणि आता ज्याचा मला पत्ता नाही अशा कोणाच्या तरी करणीने मी खोटारडा ठरत होतो. स्टोअरकीपर म्हणाला, शनिवारी गाडी आणतो, चक सुटा दिसला तर नेईन, नाहीतर तुमचं नाव यादीतून काढीन. गाडी परत कधी मिळेल, हे विचारलं तर त्याने नुसता हात हलवला.

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना मी त्या खोलीचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घातला. वीजच नाही तर चालेल कसं? दिवसभर मी तो खिशावरून चाचपत होतो. संध्याकाळी येऊन बॅटरीच्या उजेडात मशीनच्या डोक्याला हात लावून पाहिला.

कोमटच होतं. माझी पाचावर धारण बसली.

आता अनुभव फाटकातूनच बोलत होते. "माझा अनुभव असा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "की धरलेली वस्तू माणूस मागितल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही त्यांना रीतसर विचारलंत का?"

हसायला माझं काय जातं? पण त्या वेळी मी हसलो नाही. रीतसर हा शब्द मला पटला. मी टेबलाशी बसलो आणि अर्ज लिहिला. विषय: लेथ मशीनचा चक सोडण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की आपल्या पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया योजिली असून खोलीची निकड आहे. तरी आपण धरून ठेवलेला चक त्वरित सोडण्याची कृपा व्हावी. कळावे. खाली सही केली, तारीख घातली, आणि सवयीने जोडपत्र म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही लावली. बुधवारी सकाळी, घरातली माणसं उठायच्या आधी, तो अर्ज चकवर ठेवला आणि वर चकचे जबडे आवळायची चावी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

संध्याकाळी अर्ज तिथेच होता, चार घड्या घातलेला. एका कोपऱ्यावर तेलकट अंगठा उमटला होता. उघडला. खाली पेन्सिलीने, उजवीकडे कललेल्या अक्षरात एक ओळ होती.

'घरात विचारलेत का?'

मी तिथून कसा बाहेर आलो हे मला आठवत नाही. बायको सांगते की मी स्वयंपाकघरात येऊन तिला तीन वेळा विचारलं, "मी तुला विचारलं होतं ना? मशीनचं तुला विचारलं होतं ना?" ती म्हणाली, "हो रे बाबा, विचारलं होतंस." सासूबाई तिथेच होत्या. पदराला हात पुसत त्या दुधाकडे बघत राहिल्या. मग "दूध उतू जाईल," म्हणून गॅस बारीक केला.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुसऱ्या दिवशी गाडी होती, महिनाअखेर आठ दिवसांवर होती, आणि सासूबाईंना त्या जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून एक एक पायरी चढताना बघणं मला आता सोसत नव्हतं. मनाशी ठरवलं होतं, टर्नर नाही तर मी. फार तर काय होईल? याचं उत्तर मनातल्या मनात देत मी दुपारी सव्वादोनला फाटक उघडलं.

घर शांत होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि मागून आवाज येत होता. मोठा नव्हता, एक सलग घुमणारा सूर, आणि त्यात बारीक सळसळ. मशीन चालू होतं.

मी दाराशी गेलो. कुलूप उघडं होतं, दार लोटलेलं. आतून माणसाचा आवाज आला. कोणीतरी कोणाशी तरी बोलत होतं, पण मला एकाचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो, हो. कमीच घेतलंय."

मग काही वेळ नुसती सळसळ.

"अहो, ऐकू येतंय मला. सारखं काय सांगता?"

पुन्हा सळसळ. मग, हसल्यासारखं: "ते तुम्हाला दिसत होतं तेव्हासुद्धा वाकडंच जात होतं."

मी फटीतून पाहिलं. सासूबाई उंच स्टुलावर बसल्या होत्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, एक हात चाकावर. समोर चक वेगाने फिरत होता, आणि हत्याराखालून कुरळा कीस निघून फरशीवर उतरत होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. मान किंचित डावीकडे कललेली, खांद्यामागे उभ्या असलेल्या माणसाचं ऐकावं तशी. खांद्यामागे कोणी नव्हतं. अंगावर काटा आला तो अजून, हे लिहिताना, पुरता गेलेला नाही.

माझा धक्का लागून दार करकरलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"चपला घालून या," म्हणाल्या. "कीस पडलाय."

आमच्या घरात चपला घालून आत या, असं मी प्रथमच ऐकत होतो. मी घालून गेलो. त्यांनी मशीन बंद केलं. चक हळू हळू होत थांबला.

"तुम्ही?" मी म्हणालो. "रोज तुम्ही?"

"ह्यांचे डोळे गेल्यापासून. हात माझे, कान ह्यांचे. हे मागे उभे राहायचे आणि आवाजावरून सांगायचे. लोक म्हणायचे, आंधळा माणूस काम करतो. मी म्हटलं, म्हणू देत."

"पण अक्षर?"

"माझंच. ह्यांना लिहायचा कंटाळा."

"फ्यूज?"

"फ्यूज काय हो, तार बांधली की झाला." त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "खोली पुसते, कुलूप लावते, तुम्ही येईपर्यंत कुकर लावते. पण मशीनला थंड व्हायला वेळ लागतो, त्याला मी काय करू?"

मला राग आला. खरंच आला. अकरा दिवस मी भीतीने अर्धा झालो होतो, स्टोअरकीपरने मला खोटारडं म्हटलं होतं, मी मेलेल्या माणसाला सहीनिशी अर्ज केला होता! "मग सांगायचं नाही का?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"तुम्ही शेजाऱ्यांना विचारलंत," सासूबाई म्हणाल्या. "टर्नरला विचारलंत, शाळेला विचारलंत. ह्यांना अर्ज केलात. मला तुम्ही फक्त सांगितलंत, की मशीन जातंय."

मी खाली वाकून पायाशी पडलेला कीस गोळा करायला लागलो.

"तुमच्या मनात वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांसाठी चाललंय हे कळत होतं. म्हणून तोंड उघडवेना. जाऊ दे. उद्या गाडी यायची आहे ना? तुमचा शब्द खोटा पडायला नको."

त्या स्टुलावरून उतरल्या. खिडकीतल्या शिवणाच्या डब्यातून एक बारीक वाकडी चावी काढली. चकच्या मागच्या गळपट्टीवर वंगणाचा काळा थर होता, तो अंगठ्याने सारला. खाली एक मुंगीएवढा बिनडोक्याचा स्क्रू होता. मशीन उलटं फिरवताना चक सुटून अंगावर येऊ नये म्हणून सासऱ्यांनी तो बसवला होता. अकरा दिवस आम्ही त्या स्क्रूशी कुस्ती खेळत होतो. सासूबाईंनी तो दोन वळशांत सैल केला, मशीनवर आडवी फळी ठेवली, एका जबड्यावर लाकडाने एक टोला दिला आणि चक हाताने फिरवायला लागल्या. तो निमूट फिरला. शेवटचा आटा सुटला तेव्हा त्यांनी तो फळीवर अलगद टेकवला आणि दोन्ही तळवे त्यावर तसेच ठेवून उभ्या राहिल्या. आसाचे उघडे आटे ओले चमकत होते.

रकाना सात आता भरता आला असता. माप घ्यायला पट्टी माझ्या खिशातच होती. मी त्या म्हाताऱ्या हातांकडे पाहत राहिलो, आणि मला इतकं वाईट वाटलं की ते इथे लिहून दाखवता येणार नाही. एकोणीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो, आणि तिचे हात काय करतात हे मला ठाऊक नव्हतं.

"परत चढवता येईल का?" मी विचारलं.

"चढवायला काय लागतं?" त्या म्हणाल्या. "पण मग मी झोपू कुठे?"

"इथेच. तुम्हाला आवडत असेल तर. विचारतोय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर भिंतीकडे वळवून, जरा घाईने म्हणाल्या, "खाट त्या भिंतीला मावते. पायाकडे दीड वीत उरते. मी मोजलंय."

"कधी मोजलंत?"

"तुम्ही मशीन जातंय म्हणालात त्याच दिवशी."

मी फॉर्म काढला आणि 'देणगीदाराने माघार घेतली' असं रकाना आठच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहून सही केली. उद्या स्टोअरकीपर मला काय म्हणेल ते म्हणो. मग चक उचलला. कंबर धरलीच. सासूबाई "उजवीकडे, उजवीकडे, माझी उजवी," म्हणत राहिल्या, आणि तो आट्यांवर चढला. त्यांनी बारका स्क्रू आवळला, स्टुलावर बसल्या, अर्धवट राहिलेला तुकडा पुन्हा जबड्यांत धरला आणि बटण दाबलं. मी जाण्याऐवजी बघत उभा राहिलो, त्यांच्या खांद्यामागे, कारण तिथून चांगलं दिसत होतं.

त्यांनी डोळे मिटले. सूर चढला, सळसळ सुरू झाली.

"एवढं पुरे?" त्यांनी विचारलं.

"पुरे," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि जरा डावीकडे व्हा. ह्यांच्या पायावर उभे आहात."

मी टुणकन डावीकडे झालो. मागे वळलो. तिथे भिंत होती, खिडकीचा उजेड होता आणि रिकामी फरशी होती. शिकलेला माणूस मी, तरी त्या फरशीकडे बघून हात जोडले आणि "माफ करा, लक्ष नव्हतं," म्हणालो.

सासूबाईंची मान किंचित डावीकडे कलली. हातातलं चाक फिरतच होतं.

"असू दे म्हणतायत," त्या म्हणाल्या. "थांबू दे त्यालाही, म्हणतायत."